डिस्चार्जनंतर पेशंटच्या फोनमध्ये काय लावायचं, कोणत्या क्रमाने, आणि घरचे कुठे चुकतात

जीव द्यायच्या प्रयत्नानंतर हॉस्पिटलमधून घरी आलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. आधी एक गोष्ट. हे वाचताना तुमच्या घरात आत्ता या क्षणी कुणाला धोका असेल तर लेख नंतर वाचा. त्या माणसाला एकटं सोडू नका, ११२ लावा नाहीतर १०८ ची अँब्युलन्स बोलवा, किंवा सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा. आणि स्वतः तुम्हालाच जीव द्यायचे विचार येत असतील, कुणाशी तरी बोलायचंय, तर टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते.

आता मुद्द्यावर. माझ्या धाकट्या भावाला चार वर्षांपूर्वी इथे इंदूरलाच ॲडमिट करावं लागलं होतं, जीव द्यायचा प्रयत्न झाला होता. डिस्चार्ज मिळाला, आम्ही सगळे मोबाईल घेऊन बसलो, एक ॲप टाकलं, डॉक्टरांनी त्याच्यासोबत बनवलेला सेफ्टी प्लॅन (वाईट वेळेला काय करायचं, कुणाला फोन करायचा याची यादी) ड्राइव्हवर चढवला, फॅमिली ग्रुप बनवला, झालं काम असं वाटलं. अकराव्या दिवशी रात्री दोन चाळीसला त्याला परत तेच विचार यायला लागले आणि त्याने फोन उचलला, म्हणजे करायला सांगितलं होतं ते त्याने केलं बरं का. प्लॅन उघडेना कारण त्या दिवसाचा डेटा संपला होता. मला दोनदा फोन केला, माझा फोन सायलेंटवर. बाबांना केला, ते फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून आतल्या खोलीत झोपतात. शेवटी तो उठून स्वतः बाबांच्या खोलीचं दार वाजवायला गेला म्हणून आज आमच्यात आहे. सकाळी मी माझ्या फोनवरचे ते दोन मिस कॉल बघितले, २.४३ आणि २.४४.

तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच घरांत जाऊन मी हे सेटिंग करून दिलंय, सुदामा नगर, लोकमान्य नगर, एक घर तर पार राऊला, आणि सगळीकडे चुका त्याच त्या. म्हणून पूर्ण क्रम लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषध, निदान, परत ॲडमिट करायचं की नाही हे सगळं डॉक्टरांचं, त्यात फोन घुसवू नका. फोनचं काम एकच, वाईट वेळेला पेशंट आणि जिवंत माणूस यांच्यातलं अंतर कमी करणं. खालची प्रत्येक पायरी त्याच्यासाठी आहे.

पायरी १: कधी बसायचं, कोणी बसायचं

डिस्चार्जच्या दिवशी नाही. त्या दिवशी सगळे थकलेले असतात, पेशंटला नुसतं झोपायचं असतं. पण आठवडाभर लांबवू पण नका, कारण हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे ते तीन महिने सगळ्यात नाजूक असतात. दुसरा किंवा तिसरा दिवस, सकाळी नाश्ता झाल्यावर, हा वेळ मला सगळ्यात बरा वाटलाय.

बसायचं फक्त दोघांनी, जास्तीत जास्त तिघांनी. पेशंट, आणि ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त भरोसा आहे ते माणूस. आई-वडीलच हवेत असं काही नाही. काका, मामी, शेजारचे सगळे गोलाकार बसले की पेशंट "हो हो" म्हणतो आणि मनातलं काही सांगत नाही.

फोन पेशंटच्याच हातात राहील. सेटिंग तोच करेल, तुम्ही शेजारी बसून सांगायचं. पटापट होईल म्हणून फोन हातातून घेऊ नका, कारण रात्री अडीचला त्याच्याच बोटांना ते सगळं आठवायला हवं.

बसण्याआधी तयार ठेवा: डिस्चार्जचा कागद, डॉक्टरांचा आणि क्लिनिकचा नंबर, पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख, कोरा कागद आणि पेन, पूर्ण चार्ज केलेला फोन. हॉस्पिटलमध्ये सेफ्टी प्लॅन बनवून दिला असेल तर तोच घ्या, नवीन बनवू नका.

> सावधान: चोरून नजर ठेवणारं ॲप टाकू नका. मेसेज वाचणारं, स्क्रीन दाखवणारं, कोणतंच. एक ना एक दिवस ते सापडतं आणि त्या दिवसापासून माणूस तुम्हाला खरं सांगायचं बंद करतो. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये पेशंटला आपली माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, घरात पण त्याची बूज ठेवा. आणि फोन काढून पण घेऊ नका, तो त्याच्या हातातला मदतीचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

पायरी २: आधी कागदावर प्लॅन, फोन बाजूला

इथे सगळे घाई करतात. ॲप उघडतात आणि त्यातले रकाने भरत बसतात. नाही. आधी कागद.

हा प्लॅन डॉक्टर लोक जगभर वापरतात, बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बांधलेला आहे, सहा भाग आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांमधल्या १,६४० पेशंटवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात ज्यांच्यासोबत असा प्लॅन बनवला आणि नंतर फोनवर पाठपुरावा केला त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. यात "फोनवर पाठपुरावा" हे शब्द विसरू नका, नुसत्या कागदाचा तो आकडा नाही.

सहा भाग असे, आणि प्रत्येकात पेशंटचेच शब्द लिहायचे:

१. माझी वेळ बिघडतेय हे मला कशावरून कळतं. "उदास वाटतं" हे लिहू नका, त्याचा रात्री उपयोग नाही. माझ्या भावाने लिहिलं होतं, "दोन दिवस आंघोळ टाळतो, ताईच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवतो, सगळ्यांना माझा त्रास होतोय असं वाटायला लागतं." हे असं पाहिजे.

२. एकट्याने मी काय करू शकतो ज्याने अर्धा तास निघेल. गार पाण्याने तोंड धुणं, गच्चीऐवजी गल्लीत फेरी, एखादं ठरलेलं गाणं, कपड्यांच्या घड्या घालणं.

३. कुठे जाऊ शकतो, कुणाच्या सोबत नुसतं बसू शकतो, या विषयावर न बोलता. इथे भावाने लिहिलं सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाण्याचा बाजार. आईला आधी पटलं नाही, रात्री साडेअकराला कशाला सराफ्यात, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, तिथे उजेड असतो, माणसं असतात, भुट्ट्याचा कीस घेऊन उभं राहिलं तरी कुणी काही विचारत नाही. आता त्यापुढे "आत्येभावासोबत" असं लिहिलंय, एकटा नाही. दिवसासाठी खजराना गणपती लिहिलंय.

४. कोणाला सांगू शकतो की मला मदत हवीये. कमीत कमी तीन नावं.

५. डॉक्टर, क्लिनिक, टेली मानस, इमर्जन्सी.

६. घरात काय काय दूर करायचं. हे पुढच्या पायरीत.

चौथ्या भागात एक चूक मी जवळजवळ प्रत्येक घरात बघितलीये. आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधून कुणी ना कुणी पुण्याला असतंच, बहीण, मावशी, मोठा दादा, आणि तिन्ही नावं तीच लिहिली जातात कारण प्रेम त्यांच्यावर असतं. पुण्याची मावशी फोनवर खूप चांगली आहे, तिचं नाव राहू द्या, पण तीनपैकी एक माणूस तरी असं हवं जे दहा मिनिटांत दाराशी येऊन उभं राहू शकतं आणि ज्याच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे. शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचे वहिनी-दादा, कोणीही. त्यांना विचारून लिहा, न विचारता नाही.

दुसरी चूक, पेशंटने एखादं नाव काढलं तर घरचे रागावतात. आमच्याकडे भावाने आईचं नाव पहिल्या जागेवरून काढलं. आई रात्रभर रडली. नंतर तोच म्हणाला, "आईला फोन केला की मला तिचा चेहरा दिसतो आणि अजून अपराधी वाटतं." म्हणजे प्रेम कमी नव्हतं. नाव त्याला काढू द्या.

तपासा: प्लॅन मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो? दोन मिनिटांपेक्षा जास्त लागला तर कापा. वाईट वेळेला पानभर कुणी वाचत नाही.

पायरी ३: घर आवरणं, फोनच्या आधी

फोनच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण हे सोडून बाकी सगळं केलं तर ते अर्धवटच आहे. तीव्र विचारांची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी धोक्याचं काही नसणं हेच माणसाला वाचवतं. डॉक्टरांना विचारून औषधं महिन्याची आणण्याऐवजी आठवड्याची आणा आणि दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा, आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि जुन्या उरलेल्या स्ट्रिप्स पण त्यातच. गावाकडे शेती असेल तर तिकडची फवारणीची औषधं घरात नकोत. बाकी काय हलवायचं हे पेशंटलाच शांतपणे विचारा, तो सांगतो, आणि विचारल्यावर बऱ्याचदा त्याला हायसंच वाटतं.

फोनशी संबंधित भाग इतकाच की ऑनलाइन औषध मागवायच्या आणि सामान मागवायच्या ॲपमधलं सेव्ह केलेलं कार्ड काही महिन्यांसाठी काढून टाका. त्याच्या संमतीने, त्याच्यासमोर.

पायरी ४: नंबर लावणं

सेव्ह करणं आणि लावणं यात फरक आहे. सगळ्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह असतात, आठशे नावांच्या गर्दीत.

पहिलं, चार नंबर होम स्क्रीनवर आणा. अँड्रॉइडमध्ये बहुतेक फोनवर विजेटमध्ये कॉन्टॅक्टचा शॉर्टकट मिळतो ज्यावर एकदा टच केलं की थेट फोन लागतो. पहिल्या पानावर, सगळ्यात खाली, अंगठा पोचेल तिथे. ताई, शेजारचे काका, डॉक्टर, १४४१६.

दुसरं, दोन सिम असतील तर "दरवेळी विचारा" हे बंद करून एक सिम पक्कं करा. त्या क्षणी सिम १ की सिम २ हा प्रश्न समोर आला की काही लोक तिथेच फोन खाली ठेवतात. मला हे दोघांनी सांगितलंय.

तिसरं, रिचार्ज. प्रीपेड संपलं की आउटगोइंग बंद. ११२ बॅलन्स नसताना पण लागतो, ताई नाही लागत. रिचार्जची जबाबदारी घरच्या एकाने घ्यायची आणि संपायच्या दोन दिवस आधीचा अलार्म स्वतःच्या फोनमध्ये लावायचा, पेशंटच्या नाही.

चौथं, लॉक स्क्रीनवरची इमर्जन्सी माहिती. सेटिंग्ज उघडून वरच्या सर्चमध्ये इमर्जन्सी टाइप करा, तिथे इमर्जन्सी कॉन्टॅक्ट आणि मेडिकल माहिती भरायची जागा सापडते, आयफोनमध्ये ते हेल्थ ॲपच्या मेडिकल आयडीत असतं आणि "लॉक असताना दाखवा" हे चालू करावं लागतं. फोन दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर लॉक न उघडता त्याला घरी फोन करता येतो. चालू औषधांची नावं लिहा, निदान लिहायचं की नाही ते पेशंट ठरवेल.

पॉवर बटण पटापट दाबून एसओएस जातो ते पण बघून घ्या, पण ते किती वेळा दाबायचं आणि फोन कुणाला जातो हे मॉडेलनुसार बदलतं, तेव्हा चालू करण्याआधी काय लिहून येतंय ते वाचा.

> सावधान: "११२ लावला तर पोलीस केस होईल" या भीतीने लोक फोन करत नाहीत. २०१७ च्या त्याच मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा द्यायची नाही. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रयत्नालाच गुन्हा धरणारं ते जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा, त्या रात्री समजावत बसायला वेळ नसतो.

पायरी ५: समोरच्यांचे फोन

या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण आमच्याकडे हीच राहिली होती. सगळे पेशंटचा फोन सेट करतात. ज्यांना फोन येणार त्यांचा कोण करणार?

चौथ्या भागात ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाच्या फोनवर हे करा:

पेशंटचा नंबर फेव्हरेट किंवा स्टार करा. डू नॉट डिस्टर्बमध्ये जाऊन स्टार केलेल्यांच्या कॉलला परवानगी द्या. "परत कॉल करणाऱ्यांना परवानगी" हे पण चालू करा, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो, आयफोनमध्ये ही मुदत तीन मिनिटांची आहे. म्हणून पेशंटला सांगून ठेवा, पहिला उचलला नाही तर लगेच दुसरा कर, लाजू नकोस, दुसरा कॉल हाच सिग्नल आहे.

आता यातली मेख. डू नॉट डिस्टर्बची सूट वेगळी आणि रिंगरचा आवाज वेगळा. अँड्रॉइडवर रिंगरच शून्यावर असेल तर सूट देऊन काही वाजत नाही. माझं तेच झालं होतं, मी ऑफिसातून आल्यावर आवाज परत चढवायचीच विसरायची. आता रात्री फोन सायलेंट करतच नाही, डू नॉट डिस्टर्ब लावते, रिंगर पूर्ण वर. आयफोनवाल्यांसाठी सोपं आहे, त्या कॉन्टॅक्टच्या रिंगटोनमध्ये इमर्जन्सी बायपास चालू केलं की सायलेंटवर असतानाही वाजतो.

फोन साधा करायचा, व्हॉट्सॲप कॉल नाही. व्हॉट्सॲपला नेट लागतं, आणि वरच्या सगळ्या सूटी त्याला लागू होतीलच असं नाही.

अनोळखी नंबर गप्प करणारं सेटिंग आणि स्पॅम अडवणारं ॲप, दोन्ही बघा, पेशंटच्या आणि तुमच्या पण फोनवर. क्लिनिकमधून किंवा हेल्पलाइनकडून परत येणारा कॉल अनोळखी नंबरवरून येतो आणि हे सेटिंग चालू असलं तर तो कधी आला ते कळतच नाही.

आणि रात्री फोन झोपायच्या खोलीत. हॉलमध्ये नाही. बाबांच्या पलंगाशेजारी आम्ही नवीन प्लग पॉइंट काढून घेतला.

तपासा: आज रात्री, सगळे झोपल्यावर, पेशंटच्या फोनवरून प्रत्येकाला एक कॉल. ठरवून, आधी सांगून. ज्याचा वाजला नाही त्याचं सेटिंग उद्या सकाळी परत. तोंडी "हो केलंय माझं" यावर विसंबू नका, राऊच्या घरी तिघांनी "केलंय" सांगितलं होतं आणि वाजला एकाचा.

पायरी ६: प्लॅन फोनमध्ये कुठे ठेवायचा

नेट नसताना, दोन टचमध्ये उघडायला हवा. कागदाचा स्वच्छ फोटो काढा, गॅलरीत फेव्हरेट करा, आणि नोट्सच्या ॲपमध्ये टाइप करून तिचं विजेट होम स्क्रीनवर लावा. नाव साधं द्या, "माझी यादी" वगैरे, शेजारी बसलेल्याने बघितलं तरी चालेल असं. मूळ कागद पाकिटात.

नंतर फ्लाइट मोड लावून उघडून बघा. उघडला पाहिजे.

सेफ्टी प्लॅनची तयार ॲप्स पण आहेत, बहुतेक इंग्रजीत आणि बाहेरच्या देशांतली. अडचण अशी की त्यांच्यातला मदतीचा लाल बटणवाला नंबर त्यांच्या देशाचा असतो. ९८८ हा अमेरिकेचा नंबर आहे, इथे त्याचा उपयोग नाही. ॲप वापरायचंच असेल तर आत जाऊन तो नंबर बदलता येतो का बघा, येत नसेल तर ॲप काढा. टेली मानसचं स्वतःचं ॲप आहे, सरकारी, १० ऑक्टोबर २०२४ ला आलं, ते ठेवायला हरकत नाही, पण १४४१६ चा होम स्क्रीनवरचा शॉर्टकट तरी पण ठेवा.

पायरी ७: रोजची खूण

रोज "कसा आहेस?" विचारलं की रोज "बरा आहे" येतं. त्याऐवजी रंग ठरवा. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पेशंटने एका माणसाला, ग्रुपवर नाही, एक रंग पाठवायचा. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे विचार येतायत पण सांभाळतोय, आज फोन कर. लाल म्हणजे आत्ता ये.

हिरव्याला काय उत्तर द्यायचं ते पण ठरवा, नाहीतर लोक हिरव्याला काहीच पाठवत नाहीत आणि पिवळ्याला दहा मेसेज पाठवतात, मग पेशंटला पिवळा पाठवायची भीती वाटायला लागते. आमच्यात हिरव्याला मी काहीतरी साधं पाठवते, आज पोह्यांवर शेव कमी होती, बाबांनी परत चष्मा हरवला, असं. पिवळ्याला फक्त "करते फोन" आणि खरंच पाच मिनिटांत फोन.

अशा छोट्या, काही न मागणाऱ्या संपर्काचा खरंच फरक पडतो. डब्ल्यूएचओने पाच देशांत १,८६७ लोकांवर हे करून बघितलं, त्यात आपलं चेन्नई पण होतं, इमर्जन्सीतून घरी गेलेल्यांशी नीट बोलणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच. २००८ मध्ये निकाल आला, संपर्क ठेवलेल्यांच्या गटात आत्महत्येने मृत्यू २, आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात १८.

रंग आला नाही तर काय, हे घड्याळासकट लिहून ठेवा. आमचं असं आहे: ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटं थांबायचं, मग साधा कॉल, लगेच दुसरा, मग शेजारच्या काकांना फोन की वर जाऊन दार वाजवा. काका दार वाजवतात तेव्हा "काय रे, चहा घेतोस का" एवढंच विचारतात. घरात कुणी नसेल आणि दार उघडलं नाही तर किल्लीने उघडायचं आणि ११२. हे पेशंटने स्वतः वाचलेलं आणि मान्य केलेलं हवं.

> सावधान: लास्ट सीन आणि निळ्या टिका बघत बसू नका. दोन वाजता ऑनलाइन दिसला म्हणजे धोका आणि नाही दिसला म्हणजे झोपला, दोन्ही अंदाज चुकीचे निघतात, आणि तुमची झोप जाते ती वेगळीच.

रंग आठवण करून देणारा अलार्म घड्याळाच्या साध्या ॲपमध्ये लावा. इतर ॲप्सच्या आठवणी बॅटरी वाचवणारं सेटिंग मध्येच मारून टाकतं, बऱ्याच स्वस्त अँड्रॉइडवर हा त्रास आहे. गोळ्यांचा अलार्म पण तिथेच, आणि अपॉइंटमेंटचे दोन, आदल्या दिवशी संध्याकाळी आणि निघायच्या दोन तास आधी.

मूड लिहायची ॲप्स, पीएचक्यू-९ सारखी नऊ प्रश्नांची फॉर्म्स, यांचं काय असं विचारतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर भरा आणि त्यांना दाखवा. ती फॉर्म गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, रोज भरायची वस्तू नाही. आणि नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्य आलं म्हणजे धोका नाही असं अजिबात समजू नका.

पायरी ८: रात्रीची स्क्रीन

रात्री एकटं फीडवर फिरणं बंद करायचंय, फोन बंद करायचा नाहीये. बेडटाइम मोड लावा, रील आणि व्हिडिओच्या ॲप्सना रात्री दहा ते सहा टायमर, कॉल आणि मेसेज चालू. व्हिडिओच्या ॲपमधली वॉच हिस्टरी पुसा, नाहीतर एकदा दुःखी काहीतरी बघितलं की तेच ते समोर येत राहतं.

चॅटबॉटशी बोलणं. मुलं बोलतात, रात्री तेच जागं असतं. भांडू नका त्यावरून. पण प्लॅनवर स्पष्ट लिहा, पिवळ्याला आणि लालला माणूसच, कारण तो बॉट जिना चढून दाराशी येऊ शकत नाही.

कर्जाची ॲप्स असतील तर जास्तच लक्ष द्या. भंवरकुआंला कोचिंगसाठी राहणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत असं निघालं की सगळ्या ताणाच्या मुळाशी वसुलीवाल्यांचे धमकीचे कॉल होते आणि घरी कुणाला पत्ताच नव्हता. त्या ॲपची कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी काढा, स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि हे सगळं घरच्यांनी करायचं, त्याच्यावर सोपवायचं नाही.

पायरी ९: लोकेशन, हवं असेल तरच

पेशंट स्वतः हो म्हणाला तरच. गुगल मॅप्सवर एका माणसासोबत शेअर करता येतं, ते बंद करेपर्यंत चालतं, व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास. नेट गेलं, फोन बंद पडला, तर टिंब जुन्याच जागेवर अडकून राहतं, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. आणि टिंब बघून "कॅफेत काय करतोयस" असं कधी विचारायचं नाही, एकदा विचारलंत की तो त्याच दिवशी बंद करेल.

पायरी १०: तालीम

सगळं लावून झाल्यावर एकदा पूर्ण करून बघा. संध्याकाळी पेशंटने खोलीत बसायचं, यादी उघडायची, पहिला कॉल करायचा, तो "उचलला नाही" असं धरायचं, दुसरा, मग तिसरा. शेजारच्यांनी खरंच वर यायचं. आम्ही केलं तेव्हा कळलं की काकांकडची किल्ली जुन्या कुलपाची होती.

१४४१६ वर पण एकदा शांत दिवशी बोलून घेतलं तर पुढे संकोच कमी होतो, मनात असतं ते बोलायचं, तिथे बोलायला मोठं संकट असावं लागत नाही.

लाल आल्यावर काय बोलायचं

इथे लोक गडबडतात म्हणून शब्दच देतेय. "मी आहे. निघालोय. फोन ठेवू नकोस." मग सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का आत्ता?" विचारल्याने तसं मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर, "जवळ काही आहे का? त्या खोलीतून बाहेर ये, काकांकडे जा." तुम्ही बोलत असताना दुसऱ्या फोनवरून दुसऱ्याने शेजारी आणि ११२. हे दोन फोनचं काम आहे, घरात आधीच ठरवा कुणी बोलायचं आणि कुणी लावायचं.

हे बोलू नका: "आमचा विचार कर", "लोक काय म्हणतील", "तुला काय कमी आहे", "शपथ घे". त्याचं ओझं त्याला आधीच जास्त झालंय.

परत परत करायचं ते

पहिल्या महिन्यात दर रविवारी दहा मिनिटं, मग महिन्यातून एकदा: नंबर लागतायत का, रिचार्ज कधीपर्यंत आहे, औषधं कुलपात आहेत का, किल्ली चालते का. फोन बदलला, सिम बदललं किंवा मोठं अपडेट आलं की पायरी चार आणि पाच पूर्ण परत, कारण डू नॉट डिस्टर्बच्या सूटी नवीन फोनवर तशाच येतील याचा भरोसा नाही. वाईट रात्र येऊन गेली असेल तर दोन दिवसांनी यादी उघडा आणि विचारा, यातलं काय कामाला आलं, काय नाही, आणि त्याने खोडलं ते खोडू द्या.

आमच्या यादीची आता पाचवी आवृत्ती चालू आहे. मागच्या महिन्यात तिसऱ्या भागात त्याने स्वतःहून एक ओळ वाढवली, "आईसोबत भाजी निवडणं."